पोटदुखी म्हणून सुई टोचली, निघाली मण्यार

पहाटे तीन-साडेतीनची वेळ. वस्तीवरच्या घरात जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेला पंचविशीतला गडी पोट धरून उठतो. मळमळ, एक-दोन उलट्या, घशात काहीतरी अडकल्यासारखं. अंगावर जखम नाही, सूज नाही, रक्ताचा थेंब नाही. शेतकरी बंधूंनो, तुमच्या घरात असं झालं तर तुम्ही काय म्हणाल? "रात्रीची आमटी बाधली." आमच्या आक्काच्या घरीही हेच म्हटलं गेलं, आणि त्यापायी माझा सख्खा भाचा मरणाच्या दारातून परत आला.

गोष्ट आषाढातली. पेरणी उरकलेली, घरात खताच्या आणि बियाणाच्या गोण्यांची थप्पी, थप्पीमागे उंदरांची वर्दळ. उकाडा होता म्हणून भाचा दाराजवळ फरशीवर झोपलेला. पोट दुखायला लागल्यावर दाजींनी त्याला मोटारसायकलवर घालून गावातल्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर भल्या पहाटे उठले, हे त्यांचं चांगलंच म्हणायचं. पोट तपासलं, ॲसिडिटीची सुई दिली, गोळ्या दिल्या, "नऊ वाजेपर्यंत बरं वाटेल" म्हणाले. साप चावला का, हे त्यांनी विचारलं नाही आणि आमच्यापैकी कुणाला ते सुचलंही नाही.

सातच्या सुमारास पोरगा म्हणायला लागला, "आई, डोळे उघडत नाहीत गं." आक्काला वाटलं, सुईची गुंगी असेल. मग बोलणं नाकातून यायला लागलं, चहाचा घोट गिळेना, मान टाकली. शेजारच्या एका शहाण्यानं "रात्री कुठं बसला होता? पिला असंल" असंही म्हणून घेतलं. तालुक्याच्या खाजगी दवाखान्यात "अर्धांगवायू दिसतोय, मेंदूचा फोटो काढावा लागेल" असं सांगून जिल्ह्याच्या गावी पाठवलं. तिथपर्यंत अठरा हजार रुपये गेले होते.

वाटेत श्वास उथळ व्हायला लागला, तेव्हा घाबरून गाडी रस्त्यावरच्या ग्रामीण रुग्णालयात वळवली. तिथल्या तरुण डॉक्टरीण बाईंनी झुकलेल्या पापण्या पाहिल्या आणि एकच प्रश्न विचारला, "रात्री हा झोपला होता कुठं?" दाजी म्हणाले, "खाली, फरशीवर." बाई म्हणाल्या, "मण्यार." नळी घातली, फुगा दाबून श्वास सुरू ठेवला, प्रतिविषाच्या दहा कुप्या सलाईनमधून सुरू केल्या आणि जिल्हा रुग्णालयात व्हेंटिलेटरवर पाठवलं.

आता मण्यारीची तऱ्हा समजून घ्या. काही भागात तिला कांडर म्हणतात. काळपट निळी, चकचकीत, अंगावर पांढऱ्या बारीक आडव्या पट्ट्या, बहुधा जोडीजोडीनं. पट्ट्या शेपटीकडे ठळक आणि मानेकडे पुसट किंवा नसल्यासारख्या असतात. बिनविषारी कवड्याचं उलटं असतं, त्याच्या पट्ट्या मानेपासून सुरू होऊन शेपटीकडे पुसट होत जातात. तरी पण अंधारात पट्टे मोजत बसू नका. मण्यार हिंडते रात्री. तिचे दात इतके बारीक की दंश मुंगी चावल्यासारखा, झोपेतल्या माणसाला पुष्कळदा कळतच नाही. घोणस चावली तर आग होते, सूज येते, रक्त गोठत नाही. इथं तसलं काही नाही. काचेच्या नळीत रक्त वीस मिनिटं ठेवून साप ओळखायची जी चाचणी आहे, तीही मण्यारीच्या दंशात साधारण बिनदोष येते.

म्हणून गावच्या डॉक्टरांना नुसता दोष देऊन भागत नाही. पण सूटही देता येत नाही. सर्पदंशाच्या उपचाराबद्दल देशपातळीवर ज्या सरकारी मार्गदर्शक सूचना आहेत, त्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला पहाटे कारण न सापडणारी पोटदुखी झाली तर मण्यारीचा संशय घ्या, हे आलेलं आहे. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांचं नाव आपण विंचवाच्या उपचारासाठी घेतो. त्यांनी मण्यार आणि नागाच्या दंशावरही ग्रामीण दवाखान्यातल्या अनुभवातून लिहिलं आहे. म्हणजे माहिती नव्हती असं नाही, ती आमच्या गावच्या टेबलापर्यंत पोचली नव्हती.

प्रतिविष उशिरा मिळालं, त्याची किंमत मोजावी लागली. मण्यारीचं विष नसांच्या टोकांवर बसतं, जिथून स्नायूला हुकूम जातो तिथं. एकदा ती टोकं खराब झाली की नंतर दिलेलं प्रतिविष त्यांना दुरुस्त करत नाही. ती पुन्हा तयार होईपर्यंत यंत्रानं श्वास द्यावा लागतो. भाचा सहा दिवस यंत्रावर होता.

आणि या सहा दिवसांतलं त्यानं नंतर जे सांगितलं, ते ऐकून माझ्या अंगावर काटा आला. "मामा, मला सगळं ऐकू येत होतं." पापणी हलत नव्हती, बोट हलत नव्हतं, पण शुद्ध होती. आपलाच एक पाहुणा खाटेजवळ उभा राहून म्हणाला, "आता यात काय राहिलं नाही, घरी न्या, पैसा वाया चाललाय." ते त्यानं ऐकलं. आक्का पायाशी बसून रडत होती, ते ऐकलं. ओरडून सांगावंसं वाटत होतं, ओठ हलेना. बंधूंनो, मण्यारीच्या रोग्याची बुबुळंसुद्धा उजेडाला हलत नाहीत, माणूस मेंदूनं मेला असा मोठमोठ्यांचा समज होऊ शकतो. यंत्र काढायची घाई करू नका. आणि खाटेजवळ बोलताना जपून बोला.

सातव्या दिवशी पापणी किंचित उचलली. पंधराव्या दिवशी पोरगा चालत घरी आला. नळीनं आवाज बसला होता, तो महिनाभर फाटका राहिला. तो पाहुणा भेटायला आला, तेव्हा भाचा उठून गोठ्यात गेला. त्या दोघांचं बोलणं अजून सुरळीत नाही. गावच्या डॉक्टरांकडे मात्र दाजी स्वतः गेले. भांडायलाच गेले होते. डॉक्टर म्हणाले, "अंगावर खूण नव्हती, मला नाही कळलं. चुकलं." दाजींना पुढं बोलता आलं नाही. आक्का अजून त्या दवाखान्याची पायरी चढत नाही.

आता पोलीस पाटील, ग्रामपंचायत अधिकारी, तलाठी भाऊसाहेब म्हणा की आता ग्राम महसूल अधिकारी म्हणा, तुमच्यासाठी दोन शब्द. भाचा वाचला म्हणून गावात चर्चा झाली आणि खालच्या वस्तीवरची एक बाई आक्काकडे येऊन बसली. दोन वर्षांपूर्वी तिचा नवरा अशाच पहाटे पोट दुखून, डोळे मिटत, दवाखान्याच्या वाटेवर गेला. कागदावर लिहिलं गेलं हृदयविकार. "कशाला देह फाडायचा" म्हणून घरच्यांनी शवविच्छेदन नको म्हटलं आणि पाटलांनीही आग्रह धरला नाही. तो सर्पदंश होता की नव्हता, हे आज कुणीच सांगू शकणार नाही. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत सर्पदंशानं मृत्यू झाला तर वारसाला २ लाख रुपये मिळतात. पण त्याला पंचनामा लागतो, शवविच्छेदनाचा अहवाल लागतो. हृदयविकाराच्या कागदावर काही मिळत नाही. ती बाई दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाते.

तरुण माणूस रात्रीत गेला आणि जमिनीवर झोपला होता असं कळलं, तर पाटील मंडळींनी ठाण्यात खबर द्यावी, शवविच्छेदन करायला लावावं आणि तिथल्या डॉक्टरांना सर्पदंशाचा संशय तोंडानं सांगावा. दाताची खूण बारीक असते. सांगितलं नाही, तर शोधली जाणार नाही.

देशात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशानं सुमारे १२ लाख माणसं गेली, असा अभ्यासकांचा २०२० साली छापून आलेला अंदाज आहे. वर्षाला ५८ हजार. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारनं राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला, २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचे म्हणून. आराखडा चांगला आहे. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात प्रतिविषाच्या कुप्या किती आणि फुगा चालू आहे का, हे मात्र ग्रामसभेत तुम्हालाच विचारावं लागेल. हे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारांवर एकच असतं आणि सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. शंका आली तर पाय करकचून बांधू नका, जागा कापू नका, देवऋषाकडे तास घालवू नका. १०८ ला फोन करा आणि डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता सांगा, "हा खाली झोपला होता."

मागच्या आठवड्यात वस्तीवर गेलो होतो. गोण्या आता बाहेरच्या छपरात गेल्या आहेत. भाच्यासाठी आणि आक्कासाठी दोन बाजा घेतल्या, मच्छरदाणीच्या कडा गादीखाली खोचलेल्या. रात्री दिवा लावूनच झोपतो पोरगा, वीज गेली की उठून बसतो. तिसरी बाज सोयाबीनचे पैसे आल्यावर घ्यायची आहे. तोवर दाजी खालीच झोपतात. निघताना मी माझ्याकडची जुनी खाट पाठवतो म्हणालो, तर "कशाला उगाच" म्हणाले. ती खाट उद्या टेंपोत घालून पाठवतो आहे.