पोटगीचा हप्ता

बँकेत कर्ज मंजूर करतानाच पगारातून हप्ता कापण्याची सोय आम्ही लावून घेत असू. तो थकण्याची वाट पाहत बसत नसू. मुलाच्या पोटगीचा व्यवहार मात्र उलटा. अंधेरी-बोरिवलीच्या आईने वांद्र्याच्या कुटुंब न्यायालयातून हुकूम मिळवायचा आणि पैसे थकले की वसुलीसाठी पुन्हा तेथेच खेटे घालायचे.

रक्कम ठरवण्याची रीत पुष्कळ सुधारली. तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेतली महिना ५०० रुपयांची मर्यादा २००१ साली उठली. नागपूरच्या एका दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली दोन्ही बाजूंना मिळकतीचे शपथपत्र सक्तीचे केले; पोटगीही अर्जाच्या तारखेपासून मोजायला सांगितली.

वसुलीचे घोडे अजून अडलेलेच. थकलेल्या महिन्यामागे महिनाभरापर्यंत कैद होऊ शकते. पण तुरुंगातून शाळेची फी येत नाही. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्यानुसार नवऱ्याच्या पगारातून रक्कम परस्पर देण्याचा आदेश मालकाला देता येतो, पण तोही थकल्यावरच.

ही कपात पहिल्याच महिन्यापासून, प्रत्येक हुकुमात असावी. धंदेवाल्याकडून आगाऊ तारण घ्यावे. बँक आपल्या पैशांची एवढी काळजी घेते. मुलाच्या दुधाची कायद्याने तेवढी तरी घ्यावी.