माऊस बाजूला ठेवून पाहा

तालुक्याच्या गावातील टंकलेखन-वर्गात पहिला धडा मिळे तो कळांकडे न पाहण्याचा. नजर कागदावर आणि बोटे कळांवर, हीच त्या विद्येची शिस्त होती. इटलीत पेलेग्रिनो तुर्री याने १८०८ च्या सुमारास सिद्ध केलेले आरंभीचे टंकयंत्र तर एका अंध सरदार-स्त्रीसाठीच होते. कळफलकाचे हे मूळ प्रयोजन संगणकाच्या युगात विसरले जावे, हा विरोधाभासच म्हणावा लागेल.

आज सातबारा, दाखले, परीक्षेचे अर्ज पडद्यावर आले आहेत. उजनीच्या काठावरील शेतकऱ्याची इंदापूरची, किंवा निरेच्या खोऱ्यातील विद्यार्थ्याची बारामतीची खेप त्यामुळे वाचते, एस.टी.चे भाडे वाचते, रोज बुडत नाही. परंतु ज्याला पडद्यावरचा बाण दिसत नाही, किंवा ज्याचा हात कापतो, त्याचे काय? त्याचा आधार कळफलक. टॅबने पुढे, शिफ्ट आणि टॅबने मागे, एंटरने होकार; एनव्हीडीएसारखी विनामूल्य आज्ञावली पडद्यावरील मजकूर वाचून दाखविते. मात्र ‘सादर करा’ हे बटण केवळ माऊसलाच दाद देणारे चित्र असेल, तर सारा अर्ज भरूनही अखेरच्या पायरीवर अडतो. मग दुसऱ्याला पैसे द्यावयाचे आणि आपला गुप्त संकेतशब्दही सांगावयाचा! इतरांची बचत ती याच्या माथी खर्च होऊन बसते.

दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे. सुगम्यतेचे निकष केवळ शिफारसवजा नसावेत, बंधनकारक असावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये बजावले. एप्रिल २०२५ मध्ये डिजिटल सेवांपर्यंतची पोच ही घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग ठरविली.

अशांची संख्या ती किती, हा आक्षेप टिकणारा नाही. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लक्ष दिव्यांग नोंदले गेले. वार्धक्याने हात कापणारे निराळेच. खर्चाचा आक्षेपही तसाच. आरंभीच साधे, प्रमाणित बटण वापरण्यास जवळजवळ काही अधिक लागत नाही. मागाहून केलेली डागडुजीच महाग पडते. म्हणून प्रत्येक कचेरीने आणि महाविद्यालयाने संगणकीय कामाचा ठेका देतानाच ही अट घालावी, आणि देयक चुकते करण्यापूर्वी माऊस बाजूला ठेवून एक अर्ज अखेरपर्यंत भरून पाहावा. ही परीक्षा पूर्ण नव्हे. पण तिच्यात जो अर्ज नापास होतो, तो सर्वांसाठी खुला आहे असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही.