दुकानाच्या नावावर नवी गाडी की जुनी बिनहप्त्याची? आधी जुलैचा गल्ला मोजा!



धंदा जरा चालायला लागला की एक प्रश्न हमखास येतो. "ताई, दीड-दोन लाखांची जुनी गाडी घेऊ, की फर्मच्या नावावर नवीन काढू? सीए म्हणतो टॅक्स वाचेल."

उत्तर देण्याआधी मी स्वतः काय केलं ते सांगते, कारण या प्रश्नाची फी मी भरलेली आहे.

माझी चूक

मालवणात आमचं कोकम, काजू, मसाले, खाजा यांचं दुकान आहे. २०१९ ची दिवाळी आणि नाताळ जोरात गेले. गल्ला बघून मी डिसेंबरमध्ये नवी गाडी काढली. ऑन रोड ७ लाख, पैकी १ लाख रोख आणि ६ लाख कर्ज, साडेनऊ टक्क्यांनी, पाच वर्षं. हप्ता १२,६०० रुपये. बीबीए केलेली मुलगी, एक्सेल शीटही केली होती. फक्त त्या शीटमध्ये बारा महिने डिसेंबरसारखेच धरले होते.

बाबा तेव्हा एवढंच म्हणाले, "गो बाय, गाडी उभी रवता, हप्तो उभो रवणा नाय."

मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला. दुकान बंद, गाडी दारात उभी. रिझर्व्ह बँकेने ऑगस्टपर्यंत हप्ते पुढे ढकलायची सवलत दिली, ती मी घेतली. पण व्याज थांबलं नव्हतं, ते मुद्दलात जाऊन बसलं. मग मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं आणि गोदामाचे पत्रे उडाले. सोलं आणि आगळ भरायला बाजूला ठेवलेले ८० हजार रुपये पत्रे आणि हप्ते यांत संपले. कोकमाचा हंगाम वर्षातून एकदाच येतो. त्या दिवाळीला मला दुसऱ्याकडून चढ्या भावानं माल घ्यावा लागला आणि जुनी गिऱ्हाईकं चव घेऊन म्हणाली, "यंदाचा तुमचा वाटत नाही." ते वाक्य मला हप्त्यापेक्षा महाग पडलं.

गाडी मी तोट्यात विकली आणि दहा वर्षं जुनी पेट्रोल गाडी १ लाख ६० हजार रोख देऊन घेतली.

"टॅक्स वाचतो" म्हणजे नेमकं किती?

१. प्रोप्रायटरशिप असेल तर फर्म आणि तुम्ही कायद्याने एकच. प्रायव्हेट लिमिटेडचं तसं नाही. तिथे गाडी खरोखर कंपनीची असते, पण संचालकाने ती घरच्या कामाला वापरली की त्या सोयीवरही कर लागतो.

२. गाडीवर घसारा वर्षाला १५ टक्के. ७ लाखांवर पहिल्या वर्षी १,०५,०००. तुम्ही २० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असाल तर वाचले साधारण २१,०००. गाडी त्या वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरली असेल तर त्याच्या निम्मे. घरगुती वापराचा भाग वजा करायचा तो वेगळाच. आणि पुढच्या वर्षी घसारा उरलेल्या किमतीवर, म्हणजे दरवर्षी कमी.

३. आपल्यातले बरेच छोटे दुकानदार ठोक नफा दाखवून रिटर्न भरतात. रोख विक्रीवर ८ टक्के, बँकेतून आलेल्यावर ६ टक्के. या पद्धतीत घसारा त्या ठोक आकड्यातच धरलेला असतो. गाडी घ्या नाहीतर घेऊ नका, कर तेवढाच!

४. जीएसटी परत मिळेल? चालक धरून १३ सीटपर्यंतच्या प्रवासी गाडीवर साध्या दुकानदाराला क्रेडिट मिळत नाही. मालवाहू म्हणून नोंदवलेल्या गाडीवर मिळू शकतं, पण तुम्ही नियमित जीएसटीत असाल तरच. कंपोझिशनवाल्याला नाही.

म्हणजे २१ हजार वाचवायला वर्षाला १ लाख ५१ हजारांचे हप्ते. टॅक्ससाठी गाडी घेऊ नका. गाडी लागते म्हणून घ्या, टॅक्स वाचला तर वाचला.

जुनी गाडीसुद्धा फुकट नाही

आता जुन्या गाडीची बाजू घेते असं समजू नका. तिनेही मला रडवलंय. कोल्हापूरच्या ऑर्डरचे बॉक्स घेऊन जाताना फोंडा घाटात रेडिएटर उकळला. माल दुसऱ्या दिवशी पोचला आणि पुढची ऑर्डर आली नाही. त्यानंतर नियमच केला: जे काम एक दिवस थांबू शकतं ते आपल्या गाडीने, जे थांबू शकत नाही त्याला भाड्याचा टेम्पो.

मागच्या वर्षीचा माझ्या वहीतला खर्च: क्लच, बॅटरी, दोन टायर, विमा, सर्व्हिसिंग मिळून ४१,३०० रुपये. महिन्याला साडेतीन हजारांच्या आत. म्हणून मी दर महिन्याला ४,००० वेगळ्या खात्यात टाकते. नाव दिलंय "गाडीचा डबा". हा डबा नसेल तर जुनी गाडी घेऊ नका. ती सुद्धा कर्जच आहे, फक्त तारीख सांगून येत नाही.

घेताना आपल्या किनाऱ्यावर हे बघाच:

• गंज. खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस गाडी खालून खातो. लिफ्टवर चढवून सायलेन्सर बघा, दाराच्या खालच्या कडा बघा, मॅटिंग आणि स्टेपनी उचलून हात फिरवा. वरचा चकचकीत रंग काही सांगत नाही.

• घाटावरची, एमएच-०९ ची गाडी गंजाला बरी. पण कोल्हापुरात २०१९ आणि २०२१ ला महापूर आला होता. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. पुराचा चिखल तिथे सापडतो.

• कागद. आधीचं कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०. दंडाची चलनं ऑनलाइन तपासा. विमाही आपल्या नावावर करून घ्या. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस आपल्याला मिळत नाही.

• वय. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. नंतर ओरोसला आरटीओत तपासणी, फेरनोंदणी आणि पर्यावरण कर. १३-१४ वर्षांची गाडी "स्वस्त" मिळते ती याचसाठी.

आणि होमस्टेवाल्यांनो, कुडाळ स्टेशन किंवा चिपी विमानतळावरून पाहुणे आणून पांढऱ्या पाटीच्या गाडीचं भाडं घेऊ नका, गाडी नवी असो की जुनी. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. गावातल्या टॅक्सीवाल्याशी ठरवून घ्या.

मग ठरवायचं कसं?

मुंबई-पुण्याच्या व्हिडिओंमधली गणितं इथे तशीच लावू नका. मे अखेरपासून ऑगस्टअखेरपर्यंत किल्ल्याची होडी आणि वॉटर स्पोर्ट्स बंद. जून-जुलैत मासेमारी बंद. आपलं उत्पन्न हंगामी, हप्ता बारमाही. म्हणून तीन प्रश्न:

१. गेल्या तीन वर्षांच्या जुलैचा गल्ला काढा. भाडं, पगार, वीजबिल गेल्यावर उरतं त्यातून हप्ता निघतो का? नसेल, तर निदान तीन पावसाळी महिन्यांचे हप्ते आधीच बाजूला आहेत का?

२. धंद्यासाठी गाडी महिन्यातून किती दिवस फिरते? आठ-दहा दिवस असेल तर भाड्याची गाडी धरूनही जुनी परवडते. रोज माल पोचवायचा असेल आणि उशीर झाला तर माल वाया जात असेल, तर नवी घ्या. पण मग मालवाहूच बघा.

३. डाउन पेमेंटचा पैसा कुठून येतोय? तो स्टॉकचा असेल तर थांबा. मालावर नफा मिळतो, गाडीवर घसारा.

माझ्या एका विद्यार्थ्याने हेच तीन प्रश्न सोडवून नवी मालवाहू गाडी घेतली, आणि बरोबर केलं. त्याची बेकरी आहे, पाव पावसाळ्यातही रोज लागतो. माझ्या दुकानाचं उत्तर वेगळं आलं. तुमचं तिसरंच येईल.

आजचा गृहपाठ: शोरूममध्ये जायच्या आधी जुलैची वही उघडा आणि हप्त्याचा आकडा त्या पानावर पेन्सिलीने लिहा. खाली काय उरतं ते बघा. यंदा माझी कोकमं मेमध्येच भरून झाली आहेत. गाडी जुनीच आहे, पण माल आपला आहे.

भेटू पुढच्या व्हिडिओत. धंदा जपून करा!