जमीन खातेदाराची; रानडुक्कर कोणाचे?

भाद्रपद-आश्विनात हळवे भात निसवून दाण्यात दूध भरू लागले, की कर्जत आणि खालापूर तालुक्यांतील डोंगरकडेच्या गावांत राखणीचे माळे उभे राहतात. रात्री शेकोट्या पेटतात, डबे वाजविले जातात, आरोळ्या दिल्या जातात. एवढे करूनही रानडुकरांचा कळप एकदा खाचरात शिरला, की जेवढे खातो त्याहून अधिक लोळवून जातो. हळव्यामागून निमगरवे, त्यामागून गरवे, आणि वरकस जमिनीवरची नाचणी-वरी, असा हा उपद्रव पीक खळ्यावर येईपर्यंत चालू राहतो.

अशा दिवसांत बंदूक बाळगणारी मंडळी खातेदाराकडे येऊन त्याच्या रानात डुकरे मारण्याची परवानगी मागतात. यांपैकी काही शेजारच्या गावची असतात, तर काही शहरातून हौसेखातर आलेली असतात. नुकसानीने त्रासलेला खातेदार बहुधा 'हो' म्हणतो. जमीन आपली, पीक आपले, तेव्हा परवानगी देण्याचा अधिकारही आपलाच, अशी त्याची प्रामाणिक समजूत असते. गावातील जाणत्यांची, क्वचित ग्रामपंचायत सदस्यांचीही समजूत याहून वेगळी नसते. या 'हो'ला कायद्याच्या दृष्टीने कोणते मोल आहे, हे तपासून पाहणे म्हणूनच अगत्याचे आहे.

संमतीचे कलम : १९७२ ते १९९१

ही समजूत सर्वस्वी निराधार आहे असे म्हणता येणार नाही. एके काळी कायद्यानेच ती मान्य केली होती. मुंबई राज्यात १९५१ च्या वन्य प्राणी व वन्य पक्षी संरक्षण अधिनियमाने शिकारीचे नियमन होत असे. पुढे १९७२ साली वन्य जीव (संरक्षण) हा केंद्रीय अधिनियम संमत झाला. त्याच्या मूळ स्वरूपात शिकारीस सरसकट मनाई नव्हती. अतिसंरक्षित प्राणी वगळून इतरांच्या शिकारीसाठी विशेष शिकार, मोठी शिकार, लहान शिकार असे निरनिराळे परवाने मिळत असत. परवानाधारकाने काय करू नये, याची यादी कलम १७ मध्ये दिलेली होती. मोटारीतून शिकार करू नये, रात्री करू नये, पाणवठ्यावर दबा धरू नये, रान पेटवू नये, फासे व विष वापरू नये, अशी ती यादी होती. त्यातच एक अट अशी होती, की जी जमीन शासनाच्या मालकीची नाही, तेथे मालकाच्या, त्याच्या मुखत्याराच्या किंवा कायदेशीर वहिवाटदाराच्या संमतीवाचून शिकार करता कामा नये.

या अटीतील 'वहिवाटदार' हा शब्द लक्षात घेण्याजोगा आहे. कुळ कायदा १९४८ चा आणि कृषक दिन १ एप्रिल १९५७ चा. ज्या भागात कसणाऱ्याच्या नावे जमीन होण्याचे काम दीर्घकाळ चालले, तेथे केवळ सातबाराच्या मालकी सदरातील नाव पाहून भागत नसे. प्रत्यक्ष नांगर धरणाऱ्यालाही विचारावे लागे, आणि ते योग्यच होते. कारण शिकाऱ्याच्या पायाखाली तुडविले जाणारे पीक त्याचे असे.

तथापि त्या काळीही संमती आणि परवाना या दोन भिन्न गोष्टी होत्या. परवाना जनावरासंबंधी असे व तो शासन देई. संमती जमिनीसंबंधी असे व ती खातेदार देई. दोहोंपैकी एक नसेल, तर दुसरी निरुपयोगी ठरे. १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीच्या परवान्यांची पद्धतच बंद केली आणि तिच्याबरोबर कलम १७ मधील संमतीची अटही गेली. गावोगावच्या स्मरणात मात्र संमती तेवढी राहिली आणि परवाना विस्मरणात गेला.

आजची स्थिती

आज कलम ९ अन्वये अनुसूचित वन्य प्राण्यांच्या शिकारीस बंदी आहे. ही बंदी जमिनीच्या प्रकारानुसार बदलत नाही. राखीव वन, गायरान, खाजगी खाचर, घराचे परसू, सर्वत्र ती सारखीच लागू आहे. 'शिकार' या शब्दाची व्याख्याही व्यापक आहे. ठार मारणे, विष घालणे, फास लावणे, सापळ्यात धरणे, आमिष दाखविणे आणि यांपैकी कशाचाही प्रयत्न करणे, हे सर्व तीत मोडते. २०२२ च्या दुरुस्तीनंतर अनुसूचींची फेरमांडणी झाली असून रानडुकराचा समावेश अनुसूची २ मध्ये आहे. बिबट्या, खवले मांजर आणि घोरपड ही अनुसूची १ मधील, म्हणजे सर्वोच्च संरक्षणाची मानकरी होत. ससा, तित्तर, लावरी यांना तर कोणी वन्य प्राणी समजतच नाही; परंतु त्यांनाही संरक्षण आहे.

मग जनावर कोणाचे? कलम ३९ याचे उत्तर देते. बेकायदा शिकार झालेला वन्य प्राणी ही राज्य शासनाची मालमत्ता होय. एवढेच नव्हे, तर रीतसर आदेशान्वये मारलेला प्राणीही शासनाचाच. असा प्राणी किंवा त्याचे मांस ज्याच्या हाती येईल, त्याने ४८ तासांच्या आत नजीकच्या पोलीस ठाण्यास किंवा प्राधिकृत अधिकाऱ्यास कळविले पाहिजे. यास्तव 'डुक्कर मारू द्या, वाटा आणून देतो' हा सौदा दोन्ही बाजूंनी गैर आहे. देणाऱ्याला देण्याचा अधिकार नाही आणि घेणाऱ्याला घेण्याचा नाही.

संमती देणाऱ्याने याहून पुढची गोष्ट ध्यानी घ्यावयास हवी. कलम ५२ प्रमाणे अपराधास साहाय्य करणारा अपराध्यासारखाच गणला जातो. सामान्यतः शिक्षा तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी आहे. प्राणी अनुसूची १ मधील असल्यास कारावास किमान तीन व कमाल सात वर्षे आणि दंड किमान पंचवीस हजार रुपये. डुकरासाठी लावलेल्या तारेच्या फासात बिबट्या अडकल्याच्या घटना कोकणात घडलेल्या आहेत. फास जनावर ओळखत नाही. त्यामुळे डुकरासाठी म्हणून दिलेला होकार कोणत्या अनुसूचीपर्यंत जाऊन पोहोचेल, हे होकार देणाऱ्याच्या हाती राहत नाही. कुंपणात विजेचा प्रवाह सोडण्याचा प्रकार तर सर्वांत घातक. त्यात जनावराआधी गुराखी किंवा पहाटे पाणी बघावयास गेलेला घरचाच माणूस सापडतो.

परवान्याची बंदूक घरी असणे म्हणजे शिकारीची मुभा असणे, हाही असाच एक गैरसमज होय. शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद आहे. तो परवाना शस्त्र बाळगण्यापुरता असतो. त्या शस्त्राने वन्य प्राणी मारावयाचा झाल्यास वन विभागाचा आदेश निराळा लागतो. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचविण्यासाठी सद्भावनेने प्राणी मारल्यास किंवा जखमी केल्यास तो अपराध ठरत नाही, हे खरे. परंतु ही सवलत जिवापुरती आहे, पिकापुरती नाही.

अन्य देशांतील रीत

जमीन आणि जनावर यांचे नाते सर्वत्र एकाच पद्धतीने जुळविलेले नाही. इंग्लंडमध्ये शिकारीचा हक्क जमिनीशी निगडित असून मालक तो भाड्यानेही देतो. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत वन्य प्राणी हे जनतेच्या वतीने राज्याच्या ताब्यात मानले जातात; शिकारीचा परवाना राज्य देते, आणि खाजगी रानात शिरण्यासाठी मालकाची अनुमती घेण्याची रीत आहे. फ्रान्सचा अनुभव विशेष उद्‌बोधक आहे. तेथे १९६४ च्या एका कायद्याने अनेक भागांतील लहान जमीनमालकांना आपले शिकारीचे हक्क गावच्या शिकार संघाकडे एकत्र करणे भाग पाडले होते. शिकार मुळातच अमान्य असलेल्या काही मालकांनी याविरुद्ध दाद मागितली आणि युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने १९९९ मध्ये त्यांच्या बाजूने निर्णय दिला. आपल्याकडे अशी सक्ती कधी नव्हती. खातेदाराचा 'हो' आज निष्फळ झाला असला, तरी त्याचा 'नाही' मात्र पूर्ण शाबूत आहे. शस्त्र घेऊन रानात शिरू पाहणाऱ्यास तो अडवू शकतो. अपराध करण्याच्या इराद्याने शिरलेल्याविरुद्ध भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ खाली फौजदारी अतिक्रमणाची तक्रारही करू शकतो.

कोणती जमीन खाजगी?

कर्जत-खालापुरात हा प्रश्न दिसतो तितका सरळ नाही. महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) अधिनियम, १९७५ अन्वये ३० ऑगस्ट १९७५ रोजी राज्यातील खाजगी वने शासनाकडे निहित झाली. रायगड जिल्ह्यात, म्हणजे त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यात, अशी वने बरीच होती. 'आजोबांच्या नावचे रान' म्हणून ज्याचा उल्लेख होतो, ते कागदोपत्री वन असण्याचा संभव असतो. दळी जमिनींची गोष्ट आणखी वेगळी. उतारावरच्या या जमिनींवर ठाकूर आणि कातकरी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नाचणी-वरी घेत आली. पण जमीन वनाची. २००६ च्या वनहक्क अधिनियमाने अशा कसणाऱ्यांना हक्क मागण्याचा मार्ग खुला केला. त्याच अधिनियमाने पारंपरिक हक्कांना मान्यता देताना शिकारीचा व सापळे लावण्याचा हक्क स्पष्टपणे वगळला आहे. वनहक्काचे प्रमाणपत्र दाखवून शिकारीची परवानगी देता येत नाही, ही गोष्ट ग्रामसभेत व वनहक्क समितीत सांगितली जाणे जरूर आहे.

येथे एक सावधगिरीही बाळगावयास हवी. कातकरी बांधव खाचरातले उंदीर धरतात, पहिल्या पावसात खेकडे पकडतात, ओढ्यात मासे मारतात. उंदीर अनुसूचित वन्य प्राणी नव्हे. खेकडे पकडणे किंवा नेहमीची मासेमारी हीही या बंदीतील शिकार नव्हे. हाती काठी आणि खांद्यावर जाळे दिसले म्हणून गरीब माणसास शिकारी ठरविण्याचा उतावळेपणा होऊ नये.

याउलट अलीकडे वाढलेल्या फार्महाऊसच्या जमिनींकडे पुरेसे लक्ष जात नाही. मालक मुंबईस आणि जागेवर राखणदार, अशी तेथील व्यवस्था. रात्री गाडीतून आलेल्या पाहुण्यांना फाटक उघडून देणारा राखणदार मालकाच्या शब्दावर विसंबतो, आणि अडचणीत प्रथम तोच येतो. माथेरानच्या पायथ्यापासून खोपोलीपर्यंतच्या पट्ट्यातील ग्रामपंचायतींनी अशा राखणदारांना ही माहिती आवर्जून द्यावी. गावातील अपराधाची वर्दी देणे हे महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, १९६७ नुसार पोलीस पाटलाच्या कर्तव्यांपैकी आहे.

नुकसान सोसणाऱ्याने काय करावे?

एवढे ऐकल्यावर शेतकरी विचारील, की मग आम्ही डुकरांना पीक वाढून द्यावे काय? प्रश्न रास्त आहे. वर्षाचे भात एका रात्रीत गमावणाऱ्याला कायद्याची कलमे ऐकवून भागत नाही. त्यासाठी अधिनियमातच वाट ठेवलेली आहे. अनुसूची २ मधील प्राणी मनुष्याच्या जीवितास किंवा उभ्या पिकासह मालमत्तेस धोकादायक झाला आहे अशी खात्री झाल्यास, मुख्य वन्य जीव रक्षक किंवा प्राधिकृत अधिकारी कलम ११ खाली लेखी आदेशाने, कारणे नमूद करून, विशिष्ट क्षेत्रापुरती त्यास मारण्याची परवानगी देऊ शकतो. हे उभे पीक कोणत्याही जमिनीवरचे चालते. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये रानडुक्कर व नीलगाय यांच्या बाबतीत हे काम वनक्षेत्रपालांच्या पातळीवर आणले, जेणेकरून शेतकऱ्यास दूरच्या कार्यालयात हेलपाटे घालावे लागू नयेत. बिहार, उत्तराखंड आणि हिमाचल प्रदेश यांच्या काही भागांत २०१५-१६ मध्ये केंद्र शासनाने काही प्राण्यांना एक वर्षापुरते उपद्रवी घोषित केले होते. त्या अधिसूचना त्या त्या राज्यांपुरत्या होत्या. त्यांच्या बातम्यांचा आधार घेऊन रायगडात बंदूक उचलता येणार नाही.

म्हणजे परवानगी मागण्याची दिशा बदलली आहे. पूर्वी शिकारी खातेदाराकडे येत असे. आता खातेदाराने वनक्षेत्रपालाकडे जावयाचे आहे. अर्जात गाव, गट क्रमांक, पीक, त्याची अवस्था आणि नुकसानीचा तपशील लिहावा, सातबाराचा उतारा जोडावा आणि अर्जाची पोच घ्यावी. परवानगी मिळाली, तरी ती आदेशातील क्षेत्रापुरतीच असते. येथील खाचरे लहान आणि बांधाला बांध लागून असल्याने जखमी डुक्कर क्षणात दुसऱ्याच्या शेतात जाते. म्हणून लगतच्या खातेदारांनी आपापले अर्ज एकत्र देणे सोयीचे पडते, आणि शेजाऱ्याच्या शेतात पाऊल टाकण्यापूर्वी त्याला विचारण्याची जुनी रीत येथे आजही उपयोगी आहे.

मारण्याची परवानगी मागावयाची नसेल, तरी नुकसानभरपाईचा अर्ज अवश्य करावा. वन विभाग, महसूल विभाग आणि कृषी विभाग यांच्या गावपातळीवरील कर्मचाऱ्यांनी मिळून पंचनामा करावयाचा असतो. पुष्कळ शेतकरी पुढच्या कामाच्या घाईत लोळलेले भात कापून टाकतात आणि मग पंचनाम्याला दाखविण्यास काही उरत नाही. पंचनामा होईपर्यंत नुकसान झालेला भाग तसाच ठेवावा, शक्य तर छायाचित्रे काढावीत, पावलांचे ठसे पुसू देऊ नयेत. शिक्षकांनी अर्ज लिहून देण्यास आणि पंचायत सदस्यांनी पंचनाम्याच्या वेळी हजर राहण्यास मदत केली, तर निरक्षर खातेदाराचे काम पुष्कळ सुकर होईल. बेकायदा शिकारीची वर्दी देण्यासाठी वन विभागाचा १९२६ हा दूरध्वनी क्रमांक आहे.