तासाचे मोल आणि सुट्टीचा हिशेब

पितळी वाद्ये म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे लग्नाच्या वरातीपुढचा किंवा पोलिसांच्या संचलनातला बँड उभा राहतो. ही वाद्ये शाळेत रीतसर शिकवली जातात, त्यांच्या परीक्षा होतात आणि ती शिकवून कित्येकांचा चरितार्थ चालतो, ही गोष्ट आपल्याकडे फारशी परिचित नाही. इंग्लंडातील निवासी माध्यमिक शाळांत मात्र ट्रम्पेट, फ्रेंच हॉर्न, ट्रॉम्बोन किंवा ट्यूबा शिकवणारा अर्धवेळ शिक्षक ही जुनी आणि सर्वमान्य संस्था आहे. या शिक्षकाच्या अर्थकारणात जो प्रश्न दडलेला आहे, तो केवळ संगीतापुरता मर्यादित नाही.

तेथील नामांकित निवासी शाळा ‘पब्लिक स्कूल’ म्हणवतात. वस्तुतः त्या खासगीच असतात. अशा शाळेत संगीताचा एक पूर्णवेळ प्रमुख असतो. परंतु ट्रॉम्बोन शिकणारी मुले सगळी मिळून चार-सहाच असतील, तर त्यांच्यासाठी पूर्णवेळ जागा कशी निर्माण करणार? त्यामुळे सोमवारी एका शाळेत, मंगळवारी दुसऱ्या शाळेत आणि सायंकाळी जमल्यास एखाद्या वाद्यवृंदात, अशी या शिक्षकाची भ्रमंती चालते. त्याला ‘पेरिपॅटेटिक’ असे भारदस्त विशेषण आहे. चालता चालता शिकवणाऱ्या ॲरिस्टॉटलच्या संप्रदायाचे हे नाव; आज ते मोटारीत ट्रॉम्बोनची पेटी टाकून गावोगाव हिंडणाऱ्या शिक्षकाला लाभले आहे, एवढेच.

त्याच्या वाट्याला प्रत्येक मुलामागे बहुधा अर्धा तास येतो. या अर्ध्या तासात नेमके काय घडते? पियानोची पट्टी दाबली की योग्य स्वर निघतोच. पितळी वाद्याचे तसे नाही. ट्रम्पेटला कळा तीनच: मधली स्वर अर्ध्या अंतराने उतरवते, पहिली पूर्ण अंतराने, तिसरी दीड अंतराने. एकाच कळीवर खालचा, मधला आणि वरचा असे अनेक स्वर निघतात, आणि त्यांतला कोणता निघेल हे माउथपीसमध्ये थरथरणारे ओठ व पोटातून येणारा श्वास ठरवतात. हे पुस्तकातून शिकता येत नाही. शिक्षकाने समोर बसून ऐकावे, स्वतः वाजवून दाखवावे, गालांचा फुगवटा मोडावा, खांदे सैल करायला लावावेत, तेव्हा कुठे महिन्याभरात एक स्वच्छ स्वर हाती लागतो. त्यातच बाराव्या-तेराव्या वर्षी मुलाच्या दातांना तार बसते आणि वर्षभराची कमाई एका दिवसात विस्कटते. ट्रॉम्बोनची सरकती नळी सात जागांवर थांबवावी लागते. लहान मुलाचा हात शेवटच्या जागांपर्यंत पोहोचतच नाही. ओठांचे स्नायू लवकर थकत असल्याने रविवारी दोन तास फुंकून आठवड्याची भरपाई होत नाही. रोज थोडा थोडा सराव लागतो. वसतिगृहात या सरावाची आठवण द्यायला आईवडील नसतात आणि वेळ नेमून दिलेली असते. शिवाय दर आठवड्याला मुलाचा गणिताचाच तास बुडू नये म्हणून शिकवणीची वेळ फिरती ठेवतात. मुलगा ती विसरतो आणि शिक्षक त्याला शोधायला निघतो.

हे सारे सांगण्याचे कारण असे, की या श्रमात काटकसर करण्यास जागा नाही. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांनी 1966 साली प्रयोगकलांच्या अर्थव्यवस्थेवर जो ग्रंथ लिहिला, त्यातील प्रतिपादन येथे तंतोतंत लागू पडते. कारखान्यात यंत्रामुळे माणशी उत्पादन वाढते, वेतनही वाढते. चार वादकांची रचना मात्र आजही चार वादकांनाच, तितक्याच वेळात वाजवावी लागते. तरीही त्यांचे वेतन इतरांच्या मागे फार पडू देता येत नाही. साहजिकच असे काम सापेक्षतः महाग होत जाते, आणि ज्याला खर्च कापायचा आहे तो श्रमाचा वेळ कापू शकत नाही म्हणून त्या वेळेभोवतीच्या गोष्टी कापू लागतो: रजा, निवृत्तिवेतन, नोकरीची शाश्वती.

बेडफर्ड येथील मुलींच्या एका शाळेतील वाद्यशिक्षिकेच्या खटल्यात हेच उघड्यावर आले. ती क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन शिकवत असे. (सॅक्सोफोन पितळेचा असला तरी वेताच्या पट्टीमुळे तो लाकडी वाद्यांच्या वर्गात गणला जातो, वेतनाच्या दृष्टीने अर्थात त्याने काही फरक पडत नाही.) करार कायम, पण कामाचे तास अनिश्चित, सत्र चालू असेल तेव्हाच काम, म्हणजे वर्षाचे जेमतेम 32 ते 35 आठवडे. ब्रिटिश कायद्याने प्रत्येक कामगाराला वर्षाला 5.6 आठवड्यांची पगारी रजा मिळते. उरलेल्या 46.4 आठवड्यांशी 5.6 चे प्रमाण 12.07 टक्के पडते. शाळा चालवणाऱ्या हार्पर ट्रस्टने 2011 पासून तिच्या कमाईच्या 12.07 टक्के एवढाच रजेचा पगार दिला. शिक्षिकेचे म्हणणे असे, की कायदा टक्केवारी सांगत नाही. सरासरी आठवड्याचा पगार काढा आणि त्याला 5.6 ने गुणा.

समजा, आठवड्याला 100 पौंडांप्रमाणे कोणी 32 आठवडे शिकवले. पहिल्या रीतीने त्याला रजेपोटी सुमारे 386 पौंड मिळतील, दुसऱ्या रीतीने 560. प्रश्न एवढ्याच फरकाचा दिसतो. त्यामागचा खरा प्रश्न, शिक्षक हा वर्षभराचा नोकर की सुट्या तासांचा विक्रेता, हा होता. 20 जुलै 2022 रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने शिक्षिकेच्या बाजूने निकाल दिला. थोडे आठवडे काम करणाऱ्याला प्रमाणापेक्षा काहीशी अधिक रजा मिळेल हे न्यायालयाने नाकारले नाही. परंतु करार वर्षभर चालू आहे, आणि तेवढ्या कारणाने कायद्याची रचना उलटवावी इतके ते विपरीत नाही, असे त्याचे मत पडले.

हा विजय फार टिकला नाही. सरकारने 2023 मध्ये नियम बदलले आणि 1 एप्रिल 2024 पासून सुरू होणाऱ्या रजावर्षांसाठी, अनियमित तासांच्या व वर्षाचा काही भागच काम करणाऱ्या कामगारांना 12.07 टक्क्यांचाच हिशेब कायदेशीर केला. न्यायालयात जे हरले ते नियमावलीत जिंकले. पुढे 1 जानेवारी 2025 पासून खासगी शाळांच्या शुल्कावर 20 टक्के मूल्यवर्धित कर आला. शाळेने आकारलेल्या वाद्यशिकवणीवर तो लागतो. शिक्षक स्वतंत्र व्यावसायिक म्हणून पालकांकडून थेट पैसे घेत असेल तर लागत नाही. यातून शाळांचा आणि पालकांचाही कल कोणीकडे झुकेल हे सांगायला नको. आणि स्वतंत्र व्यावसायिकाला रजेचा पगार 12.07 टक्केही नाही आणि 17.5 टक्केही नाही.

सुट्टी म्हणजे केवळ रिकामा काळ, असे मानणाऱ्यांनी गुस्ताव्ह होल्स्टकडे पाहावे. ऋग्वेदातील सूक्तांसाठी संस्कृत शिकलेला हा संगीतकार मुळात ट्रॉम्बोनवादक. 1905 पासून 1934 मध्ये मृत्यू येईपर्यंत तो लंडनच्या सेंट पॉल्स मुलींच्या शाळेत शिकवत होता, आणि 1914 ते 1916 या काळातील ‘द प्लॅनेट्स’ ही त्याची प्रसिद्ध रचना मुख्यतः शिकवण्यातून उरलेल्या वेळात, रविवारी आणि सुट्ट्यांत घडली.

आपल्याकडच्या महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांना आणि शाळांतील कला, क्रीडा व कार्यानुभवाच्या अंशकालीन निदेशकांना हा हिशेब समजावून देण्याची आवश्यकता नाही. शिक्षणहक्काच्या 2009 च्या कायद्यानेच शंभरांहून अधिक मुलांच्या उच्च प्राथमिक शाळेसाठी हे निदेशक आवश्यक ठरवले. ‘अंशकालीन’ हा शब्दही त्याच कायद्याने दिला. तासिकेवरच्या प्राध्यापकाचे मानधन घेतलेल्या तासांचे असते. परीक्षा संपल्या की त्याचे तास संपतात आणि नवे सत्र उजाडले की तोच माणूस, तेच प्रमाणपत्रांचे भेंडोळे घेऊन, त्याच महाविद्यालयात पुन्हा मुलाखतीच्या रांगेत उभा असतो. 12.07 टक्क्यांचा वाद घालायला तरी रजेचा पगार असावा लागतो. येथे तो मुळातच नाही.