नऊ चौकटींचे न जुळणारे गणित

मापनाआधीच कणाजवळ उत्तर तयार असते आणि आपण ते फक्त वाचून घेतो, ही समजूत मोडायला दोन क्युबिट (क्वांटम माहितीची एकके) आणि नऊ प्रश्न पुरतात. भौतिकशास्त्रज्ञ मर्मिन आणि पेरेस यांनी १९९० मध्ये सुचवलेल्या चौकोनात प्रत्येक चौकटीत एक प्रश्न असतो. उत्तर अधिक एक किंवा उणे एक. क्वांटम नियमांनुसार तिन्ही आडव्या ओळींचा गुणाकार अधिक एक येतो, उभ्यांपैकी दोघींचाही तोच, तिसरीचा मात्र उणे एक. आता चौकटी आधीच भरायचा प्रयत्न करा. त्याच नऊ आकड्यांचा गुणाकार आडव्या हिशेबाने अधिक, उभ्या हिशेबाने उणे! सोबत कोणते प्रश्न विचारले हे सोडून एकट्या प्रश्नाचे उत्तर ठरवता येत नाही, हीच संदर्भसापेक्षता.

मापनाने कणाला धक्का बसतो म्हणून असे होते, हा आक्षेप ठरलेलाच. पण एका ओळीतले तिन्ही प्रश्न एकमेकांना न बिघडवता एकत्र विचारता येतात; पेच ओळीत नाही, ओळींच्या गुंफणीत आहे. उत्तरे ठाम नसून यदृच्छेने ठरत असतील, ही पळवाटही कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील एस. एम. रॉय आणि वीरेंद्र सिंह यांनी १९९३ मध्ये बंद केली. प्रत्यक्षात मापन निर्दोष नसते, हा आक्षेप मात्र खरा वजनदार. इन्सब्रुकला २००९ मध्ये दोन कॅल्शियम आयनांवर हा चौकोन तपासला गेला. सहाही ओळींचे गुणाकार (तिसऱ्या उभीचे चिन्ह उलटून) मिळवले, तर आधीच ठरलेल्या उत्तरांना जिथे ४ ओलांडता येत नाही, तिथे ५.४६ आले, क्वांटम कमाल ६ आहे. एवढी तफावत उपकरणांच्या माथी मारणे अवघड.

पेच ओळींच्या गुंफणीत आहे, म्हणून मला हा प्रश्न मुळात भूमितीचा वाटतो. दोन क्युबिटांचे असे १५ प्रश्न निघतात. प्रत्येक प्रश्न एक बिंदू मानून एकत्र विचारता येणाऱ्या प्रत्येक तिघांतून रेष काढली की १५ रेषा होतात आणि प्रत्येक बिंदूतून तीन रेषा जातात. ही आकृती भूमितिकारांना एकोणिसाव्या शतकापासून ठाऊक होती. तिच्यात मर्मिनचे दहा चौकोन दडलेले आहेत आणि उत्तरे कशीही भरली तरी किमान तीन रेषा चुकतातच. क्युबिट वाढले की ही जाळी झपाट्याने फुगते: टाटा संस्थेने पुण्याच्या डीआरडीओ प्रयोगशाळेसोबत २०२४ मध्ये सहा क्युबिटांचा प्रोसेसर तपासला, सहा क्युबिटांसाठी बिंदू ४०९५ होतात. संदर्भसापेक्षता म्हणजेच क्वांटम संगणकाचे बळ, असे मात्र लगेच म्हणू नये. २०१४ मध्ये हॉवर्ड आणि सहकाऱ्यांनी तसा दुवा दाखवला, तो विषम मिती असलेल्या प्रणालींसाठी. क्युबिटांत मर्मिनचा चौकोन कोणत्याही अवस्थेत लागू पडतो, अगदी संगणनाला निरुपयोगी अवस्थेतही. त्यामुळे बळ मोजायला तेवढा निकष पुरत नाही.