शिकाऊ उमेदवाराची वही

पालकहो, आपला मुलगा एखाद्या मोठ्या कंपनीत 'लागला' म्हणजे घरात केवढा आनंद होतो! माझ्या बहिणीच्या घरीही तसेच झाले. तिचे मालक परभणीच्या मोंढ्यात हमाली करतात, ती शिलाई मशीन चालवते. मुलाने आय.टी.आय.चा दोन वर्षांचा फिटर ट्रेड पूर्ण केला आणि २०२३ साली चाकणच्या एका मोठ्या कंपनीत शिकाऊ उमेदवार म्हणून त्याची निवड झाली. बहिणीने गल्लीत पेढे वाटले. मुलगा माझ्याकडे पिंपरीला राहायला आला. आमची खोली लहान, पण भाच्यासाठी जागा निघालीच.

तीन महिने गेले. एका रविवारी रात्री जेवताना तो खाली मान घालून म्हणाला, "मामा, उद्यापासून मला कंपनीत जायचं नाही."

मी दचकलो. पण रागावलो नाही. त्याच्या मामीने त्याला आणखी एक भाकरी वाढली आणि म्हणाली, "आधी जेव. मग सांग."

मग त्याने सांगितले. पहिले चार दिवस चांगले गेले. सेफ्टी शूज मिळाले, ओळखपत्र मिळाले, स्वस्तात कॅन्टीन. पाचव्या दिवशी त्याला पॅकिंगमध्ये उभे केले. खोके उचलायचे, लेबल चिकटवायचे, पट्ट्या मारायच्या आणि शिफ्ट संपताना जागा झाडायची. तीन महिने हेच. ज्या हातांनी दोन वर्षे कानस चालवली, व्हर्नियरने माप घेतले, त्या हातांना कंपनीत पाना लागला नव्हता. कोणी नावाने हाकही मारत नव्हते. "ए शिकाऊ, इकडे ये," एवढेच.

सगळ्यात शेवटी त्याने मनातले काढले. एका कामगाराने त्याला "पूर्ण नाव काय? गाव कुठलं?" असे खोदून खोदून विचारले होते. त्यानंतर त्या माणसाने डबा खाताना जागा बदलली. "मामा, मला म्हणूनच झाडू दिला असेल का?"

या प्रश्नाने माझा घास घशाशी अडकला. पण मी उत्तराची घाई केली नाही. मी विचारले, "पॅकिंगमध्ये आणखी किती शिकाऊ पोरं आहेत?" तो म्हणाला, "नऊ." त्यात सगळ्या जातींची मुले होती. म्हणजे डबा हलवणाऱ्या माणसाच्या मनात काय होते ते उघडच आहे. पण नऊ मुलांच्या हातात खोके देण्याचे कारण निराळे होते. पॅकिंगला माणसे कमी होती आणि शिकाऊ मुलगा स्वस्त पडतो. दुखणे कोणते आहे हे नीट ओळखले तरच औषध लागू पडते.

मी कारकून माणूस. कागदावर माझा भरवसा. मी विचारले, "तुझा करार कुठे आहे?" तो म्हणाला, "मोबाईलवर आहे. वाचला नाही." दुसऱ्या दिवशी झेरॉक्सच्या दुकानातून त्याची प्रत काढून आणली आणि आम्ही दोघांनी शिकाऊ उमेदवार कायदा, १९६१ समोर ठेवून ती ओळ न ओळ वाचली. त्यातले जे समजले ते आपल्या प्रत्येक घरात माहीत असावे म्हणून येथे देतो.

पहिली गोष्ट, शिकाऊ उमेदवार हा कायद्याने कामगार नाही, प्रशिक्षणार्थी आहे. म्हणून त्याला पगार नसतो, विद्यावेतन असते. २०१९ साली नियम बदलले तेव्हा आय.टी.आय. प्रमाणपत्र असलेल्याला महिना किमान ७,००० रुपये ठरले. त्यातला १,५०० रुपयांपर्यंतचा वाटा केंद्राच्या योजनेतून सरकार उचलते. सरकार हा पैसा मुलाने काम शिकावे म्हणून देते, खोके भरण्यासाठी नव्हे.

दुसरी गोष्ट, ज्या ट्रेडचा करार त्या ट्रेडचे शिक्षण देणे आणि उमेदवाराच्या प्रगतीची नोंद ठेवणे हे मालकाचे कर्तव्य आहे. नगावर त्याचे पैसे ठरवता येत नाहीत. सल्लागाराच्या मंजुरीशिवाय त्याला ओव्हरटाइम लावता येत नाही. कामावर इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकाची. अनुसूचित जाती-जमातींसाठी प्रशिक्षणाच्या जागा राखण्याची तरतूदही याच कायद्यात आहे. करारावरून वाद झाला तर शिकाऊ उमेदवारी सल्लागाराकडे दाद मागता येते.

तिसरी गोष्ट कडू आहे. वर्ष संपल्यावर नोकरी देण्याचे बंधन कंपनीवर नाही. म्हणजे 'लागला' हा शब्दच चुकीचा. आपला मुलगा तिथे शिकायला गेलेला असतो आणि शिक्षण हीच त्याची खरी कमाई. तीच हातची गेली तर वर्ष फुकट गेले.

हे वाचताना मला आपल्या वाडवडिलांच्या गिरणीची आठवण झाली. मुंबईच्या कापड गिरण्यांत आपली माणसे हजारोंनी राबली, पण साचेखाते, म्हणजे विणकामाचे खाते, त्यांना बंद होते. धोट्यात नवी कांडी घालताना धागा तोंडाने ओढावा लागे आणि अस्पृश्याच्या तोंडचा धोटा चालणार नाही, ही सबब. जास्त पगार त्याच खात्यात होता. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठामपणे मांडला. आज तसा दरवाजा कोणी उघडपणे बंद करत नाही. पण गिरणीत शिरणे आणि साच्यापर्यंत पोहोचणे यांत अंतर असते, हे तेव्हा खरे होते आणि आजही खरे आहे.

भाच्याला मी एक दोनशे पानी वही आणून दिली. चार रकाने आखले : तारीख, शिफ्ट, काय काम केले, काय शिकलो. म्हटले, "पंधरा दिवस जा. रोज लिही. खोटे एक अक्षर नको." पंधरा दिवसांनी वही पाहिली. तिसरा रकाना भरलेला, चौथा कोरा. तो कोरा रकाना हाच आमचा पुरावा होता.

मग अर्ज. तो त्यानेच लिहिला, मी फक्त शुद्धलेखन पाहिले. त्यात कोणाची तक्रार नव्हती, कोणाचे नाव नव्हते. 'मी फिटर ट्रेडचा उमेदवार असून करारानुसार माझ्या ट्रेडचे काम शिकण्याची संधी मिळावी, ही विनंती,' एवढेच, आणि सोबत वहीच्या पानांची झेरॉक्स. दोन प्रती केल्या, एकीवर पोच घेतली. आणखी तीन मुलांनी तसेच अर्ज दिले. बाकीची घाबरली. त्यांना मी दोष देत नाही.

सुपरवायझर आठवडाभर घुश्शात होता. पण प्रशिक्षण अधिकाऱ्याने मुलांना बोलावून घेतले, पाने चाळली आणि पाचव्या महिन्यात चौघांना मेंटेनन्समध्ये पाठवले. तिथे निवृत्तीला आलेले एक फिटर काका भेटले. पहिल्याच दिवशी भाच्याने बेअरिंग हातोडीने ठोकून शाफ्टवर चढवायला घेतले. काकांनी हात धरला. "ठोकलंस तर आतल्या गोळ्यांना मार बसेल, महिन्याभरात आवाज करील. आधी हीटरवर गरम कर. कडं फुगलं की अलगद बसतं." शंभर-एकशे दहा अंशांपर्यंत तापवलेले बेअरिंग हातमोज्यांनी उचलून त्याने शाफ्टवर सरकवले आणि ते बसले. दुसरा धडा त्याहून मोठा : मशीनमध्ये हात घालण्याआधी मेन बंद करायचा, त्याला आपले कुलूप लावायचे, किल्ली आपल्याच खिशात ठेवायची. त्या रात्री चौथा रकाना भरून मजकूर समासात गेला होता.

वर्ष संपले. परीक्षा झाली, राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळाले. कंपनीने त्याला ठेवले नाही. निरोपाच्या दिवशी तो गप्प होता, फिटर काकांनी मात्र गेटपर्यंत सोडले. दोन महिने तो अर्ज करत फिरला. शेवटी भोसरीच्या एका लहान कारखान्यात मुलाखतीला विचारले, "बेअरिंग कसं चढवतोस?" त्याने सांगितले आणि वही पुढे ठेवली. आज तो तिथे मेंटेनन्स फिटर आहे. पॅकिंगमध्ये गेलेले महिने मात्र परत आले नाहीत. करार पहिल्याच दिवशी वाचला असता तर तेही वाचले असते, ही चूक माझीसुद्धा.

म्हणून माता-पित्यांना माझी विनंती आहे. मुलगा किंवा मुलगी कंपनीत गेली की पगार किती, एवढेच विचारून थांबू नका. 'आज काय शिकलास?' हे रोज विचारा. आई शाळा शिकलेली नसेल तरी हा प्रश्न ती विचारू शकते. करार छापून घरात ठेवा. अपमान झाला तर मुलाला एकट्याला गिळू देऊ नका, आणि रागाच्या भरात वर्ष सोडूही देऊ नका.

आमच्या शेजारच्या ताईंची मुलगी इलेक्ट्रिशियनचा ट्रेड पास झाली. पुढच्या सोमवारपासून ती एका कंपनीत शिकाऊ म्हणून जाणार आहे. परवा भाचा तिच्यासाठी दोनशे पानी वही घेऊन आला. चार रकाने त्याने आधीच आखले होते.